कन्सोलची तुलना करताना परभणीचं ऊन, लाईट अन् जुनी डिस्क पण मोजा

मा. संपादक साहेब,

नमस्कार. तुमच्या रविवारच्या पुरवणीत गेमिंग कन्सोलची (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनची) तुलना करणारं पान आलं होतं, ते दुकानात येणाऱ्या पोरांनी मोबाईलवर फोटो काढून आणून आणून दाखवलं, अन् तेव्हापासून एकच चाललंय की भाऊ बघा पेपरमध्ये आलंय, आता सांगा कोणतं घ्यायचं. पान चांगलं होतं, फोटो पण मस्त होते, पण त्यात जे मोजलं होतं ते सगळं असं की टेराफ्लॉप (म्हणजे चिपचा हिशेबाचा वेग) किती, फोर के म्हणजे एकदम बारीक चित्र आहे का, सेकंदाला एकशेवीस फ्रेम मिळतात का. आमच्याकडं ज्या बापाच्या खिशातून पन्नास-पंचावन्न हजार जाणार असतात त्याला यातलं काहीच विचारायचं नसतं, तो विचारतो की लाईट गेली तर जळंल का, उन्हाळ्यात चालंल का, गेमला दर महिन्याला पैसे भरावे लागतेत का, अन् उद्या बिघडली तर तुम्ही दुरुस्त कराल का पुण्याला पाठवावी लागंल. या प्रश्नांची उत्तरं कुठल्याच तुलनेत छापून येत नाहीत म्हणून हे पत्र लिहितोय.

मी परभणीत टीव्ही, इन्व्हर्टर अन् आता ह्या गेमिंग मशीन दुरुस्त करतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, मराठवाड्यातल्या साध्या घरानं मशीन घ्यायची तर डिस्क टाकायची खाच असलेलीच घ्यावी. आज त्याचा अर्थ सोनीचा डिस्कवाला प्लेस्टेशन ५ (पीएस ५) असा होतो, जरी आपल्या हवेला अन् लाईटीला सगळ्यात चांगली बसणारी मशीन निन्टेंडो स्विच आहे अन् स्वस्तात सुरुवात मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एसनं होते. का ते सांगतो.

आधी टेराफ्लॉपचं बघू म्हणजे ते एकदाचं बाजूला होईल. एक्सबॉक्स सिरीज एक्स (सिरीज एसचा मोठा भाऊ) १२ टेराफ्लॉपचा, पीएस ५ साधारण १०.२८ चा अन् सिरीज एस ४ चा, हे खरंय. उलट गेम साठवायच्या मेमरीचा, म्हणजे एसएसडीचा, वेग बघितला तर पीएस ५ ची एसएसडी सेकंदाला साडेपाच जीबी वाचते अन् सिरीज एक्सची २.४, म्हणजे एकात हा पुढं तर दुसऱ्यात तो. पण आमच्याकडं बऱ्याच घरांत टीव्ही ३२ इंची, एचडी रेडी, १३६६ बाय ७६८ चा. त्या टीव्हीवर सिरीज एक्स अन् पीएस ५ शेजारी शेजारी लावून दाखवा, फरक सांगणारा माणूस सापडणार नाही, सिरीज एस सुद्धा तिथं काही कमी दिसत नाही. नवा टीव्ही घ्यायचाच नसेल तर ह्या आकड्यांसाठी एक रुपया जास्त देऊ नका, पोरांनी कितीही हट्ट केला तरी.

आता ऊन. पीएस ५ च्या माहितीपुस्तकात लिहिलंय की मशीन ५ ते ३५ अंश तापमानात वापरावी. निन्टेंडोनं स्विचसाठी पण तेवढंच सांगितलंय. आता मे महिन्यात परभणीत सावलीतला पारा ४२-४३ वर असतो, पत्र्याच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखाली काय असेल ते सांगायला नको, अन् शाळा-कॉलेजला सुट्ट्या तेव्हाच, म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त खेळणं नेमकं त्याच महिन्यात. कूलरची हवा येत असेल तर एक वेळ ठीक, पण कूलरच्या बरोबर समोर ठेवली तर ओलावा जातो आतमध्ये, ते पण वाईट. टीव्हीच्या खाली काचेच्या शोकेसमध्ये तर कुठलीच मशीन ठेवू नका, सिरीज एक्स तर बिलकुल नाही कारण तिची सगळी गरम हवा एकाच मोठ्या पंख्यानं वरून बाहेर पडते अन् वर फळी असली की ती हवा परत आतच फिरत राहते.

धूळ वेगळीच. मानवतकडची एक मशीन आली होती, घर जिनिंगच्या जवळ, तक्रार काय तर अर्धा तास खेळलं की बंद पडते. उघडली तर हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) बारीक पात्यांवर रुई अन् धूळ मिळून नमद्यासारखा थर बसलेला, चिमट्यानं धरला तर अख्खा तुकडा सोलून निघाला, खाली ॲल्युमिनियम एकदम नवं कोरं चकचकीत. पंखा चांगला होता, बोर्ड चांगला होता, हवा जायला जागाच नव्हती एवढंच. साफ केली, चालू झाली. कपाशीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी उन्हाळ्याच्या तोंडाला मशीन साफ करून घेतलीच पाहिजे. पहिल्या मोठ्या पीएस ५ मध्ये यासाठी चांगली सोय केलेली, बाजूचं पांढरं पान स्क्रू न खोलता हातानं निघतं अन् आत धूळ गोळा व्हायला मुद्दाम भोकं ठेवलेली आहेत, तिथं व्हॅक्यूम लावला की झालं. पण त्याच्या पुढं घरी उघडू नका. त्यात प्रोसेसरवर नेहमीची पांढरी पेस्ट नसते, पातळ धातू असतो, तो विजेचा वाहक, एक थेंब इकडंतिकडं सरकला की शॉर्ट. यूट्यूब बघून उघडलेल्या मशीन येतात ना, त्या बघून जीव तुटतो कारण त्यातली एखादी आधी नुसत्या धुळीची असते अन् माझ्याकडं येईस्तोवर बोर्ड गेलेला असतो.

लाईटीचं तर आपल्याकडं सगळ्यांना माहिती. इथं तिघांत खरा फरक आहे अन् तो कुणीच लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्विचला स्वतःची बॅटरी अन् स्क्रीन आहे, टीव्हीला डॉकवर (जोडायच्या स्टँडवर) लावून खेळत असताना लाईट गेली तर टीव्ही बंद होतो, स्विच उचलून हातात घ्यायचा अन् गेम जिथं होता तिथून पुढं. आपल्या भागासाठी यापेक्षा चांगली गोष्ट कुठल्याच मशीनमध्ये नाही. एक्सबॉक्समध्ये क्विक रिझ्यूम म्हणून सोय आहे, ती गेमची स्थिती एसएसडीवर लिहून ठेवते, त्यामुळं मशीन स्टँडबायला ठेवून झोपलात अन् रात्री लाईट गेली तरी सकाळी बऱ्याचदा गेम तिथूनच चालू होतो (चालू खेळात अचानक लाईट गेली तर मात्र शेवटच्या सेव्हपासून, तिथं एक्सबॉक्स पण वाचवत नाही). पीएस ५ रेस्ट मोडमध्ये (त्याच्या स्टँडबायमध्ये) गेम रॅममध्ये धरून ठेवतो, लाईट गेली की रॅम रिकामी, अन् चालू केल्यावर मशीन म्हणते की मला नीट बंद केलं नव्हतं, मग ती आतली तपासणी. त्यामुळं पीएस ५ वाल्यांनी रात्री रेस्ट मोडवर ठेवायची सवय मोडा, सेव्ह करा अन् पूर्ण बंद करा.

इन्व्हर्टरवाल्यांसाठी अजून एक. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागं किंवा समोर एक बटण असतं, एका बाजूला यूपीएस लिहिलेलं अन् दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. बऱ्याच घरांत ते इकोवर असतं, लावणारा तसंच लावून जातो. इकोवर लाईट जाऊन बॅटरीवर यायला जो वेळ लागतो तेवढ्यात पंखा-ट्यूबला काही होत नाही पण गेमिंग मशीन बंद पडू शकते. बटण यूपीएसवर करा. पीएस ५ वर मोठा गेम चालू असला की साधारण २०० वॅटच्या आसपास खेचतो, सिरीज एस त्याच्या निम्म्याहून कमी, स्विच तर त्यापुढं काहीच नाही. पीएस ५ अन् टीव्ही मिळून चांगल्या घरगुती इन्व्हर्टरवर चालतं, फक्त त्यावर सोबत कूलर लावू नका.

कंट्रोलरचं एक बारीक पण कामाचं. पीएस ५ च्या कंट्रोलरमध्ये आतच चार्जिंगची बॅटरी, एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये दोन पेन्सिल सेल. पुण्या-मुंबईची पोरं एक्सबॉक्सला नावं ठेवतात की एवढ्या महाग मशीनला सेल कशाला. मला तर ते लई चांगलं वाटतं. सेल संपले की किराणा दुकानातून आणा, रिचार्जेबल जोडी घेतली तर वर्षानुवर्षं चालते, अन् पाच वर्षांनी आतली बॅटरी मेली म्हणून कंट्रोलर उघडायची पाळी येत नाही. बाकी हातात धरल्यावर पीएस ५ चा कंट्रोलर पुढं आहे हे मान्य करावंच लागंल, ट्रिगर दाबताना जो विरोध जाणवतो, वाळूवर चालल्यावर अन् पाण्यात चालल्यावर हाताला वेगवेगळं कळतं, ते पहिल्यांदा अनुभवणाऱ्या पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो.

अन् तिघांनाही एकच रोग, ड्रिफ्ट. कंट्रोलरवरची अंगठ्यानं फिरवायची काडी सोडली तरी माणूस स्क्रीनवर आपोआप चालत राहतो. स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरचा ड्रिफ्ट जगभर गाजला, अमेरिकेत कोर्टात खटले झाले. कारण साधं आहे, काडीच्या खाली दोन बाजूला छोटे पोटेन्शिओमीटर असतात, त्यातल्या कार्बनच्या पट्टीवर पत्रा घासत राहतो, पट्टी झिजली की चुकीचं माप जातं. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणाला खरखर यायची ते हेच. स्प्रे मारून थोडे दिवस बरं वाटतं, खरा उपाय म्हणजे अख्खी काडी बदलायची, मोठ्या कंट्रोलरमध्ये एका काडीचे चौदा टाके काढावे लागतात अन् बोर्ड पातळ असल्यामुळं घाई केली तर टाक्याखालचा पॅड उखडतो. आता चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट काड्या मिळतात, त्यात घासायला काही नसतंच. कंपन्या एवढ्या महागाच्या मशीनला त्याच का देत नाहीत हा प्रश्न मी विचारतो, कारण नवा पीएस ५ चा कंट्रोलर आपल्याकडं आला तेव्हाच ५,९९० रुपयांचा होता अन् शेतकऱ्याच्या घरात ती रक्कम छोटी नाही.

आता डिस्क. माझ्या मते सगळी तुलना इथंच ठरते.

आमच्या पिढीनं खेळायला सुरुवात केली ती टीव्ही गेमवर. त्या सगळ्या मशीन निन्टेंडोनं १९८३ ला जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला होत्या, हे तेव्हा कुणाला माहिती नव्हतं, आपल्याला फक्त मारिओ अन् कॉन्ट्रा माहिती. पण मशीन गल्लीत एकाकडं अन् कॅसेटी सगळ्यांकडं, एकाची संपली की दुसऱ्याला, अशा अदलाबदलीवरच ते चालायचं. पुढं पीएस २ आला, जो जगात आतापर्यंत सगळ्यात जास्त खपलेला कन्सोल आहे, साधारण १६ कोटी, तेव्हाही तसंच. त्या काळात चिप टाकून नकली डिस्का पण लई चालल्या, ते चुकीचंच होतं अन् आता तो प्रकार संपला ते बरंच झालं, पण अस्सल डिस्क एकमेकाला देणं यात काही चोरी नाही, तुम्ही विकत घेतलेली वस्तू आहे.

यावरून कंपन्यांमध्ये मोठं भांडण झालंय अन् ते तुमच्या पानावर यायला पाहिजे होतं. २०१३ ला मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन जाहीर केला तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की मशीननं चोवीस तासांत एकदा तरी इंटरनेटला हजेरी लावलीच पाहिजे, अन् जुना गेम दुसऱ्याला देण्या-विकण्यावर पण बंधनं. सोनीनं त्याच वर्षी जूनमध्ये सांगून टाकलं की पीएस ४ वर जुन्या डिस्का जशा चालत होत्या तशाच चालतील, अन् गेम मित्राला कसा द्यायचा याचा एक छोटा व्हिडिओ काढला, त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, बास, संपला व्हिडिओ. वर किंमत पण अमेरिकेत ३९९ डॉलर, एक्सबॉक्सची ४९९. लोक एवढे चिडले की मायक्रोसॉफ्टला थोड्याच दिवसांत ती बंधनं मागं घ्यावी लागली, पण त्या पिढीत एक्सबॉक्स जो मागं पडला तो पडलाच. विचार करा, चोवीस तासांत एकदा नेट. २०१३ ला जिंतूर, सेलू, पूर्णेच्या खेड्यात हे कसं जमलं असतं. आज नेट सगळीकडं पोचलंय पण प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. शहरात फायबर आहे, खेड्यात अजून बरीच घरं मोबाईलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर. आजचा मोठा गेम १०० जीबीचा असतो, दोन जीबी रोज धरले अन् घरात दुसऱ्या कुणी एक रीलसुद्धा बघितली नाही तरी डाऊनलोडला ५० दिवस लागणार. पीएस ५ च्या डिस्कमध्ये १०० जीबीपर्यंत मावतं, म्हणजे बहुतेक ओझं डिस्कवरच येतं. वरचे अपडेट असतात, ते मोठे पण असतात, अन् काही गेम डिस्कवर अर्धवटच येतात हे पण खरंय, पण तरी पन्नास दिवस अन् दोन-चार रात्री यात फरक आहे.

अन् पैशाचा हिशेब. पीएस ५ आपल्याकडं २ फेब्रुवारी २०२१ ला आला, डिस्कवाला ४९,९९० अन् बिनडिस्कचा ३९,९९०. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा, ह्यावेळी उलटं झालं, २०२२ च्या नोव्हेंबरात ५४,९९० अन् ४४,९९० केलं, २०२४ ला स्लिम (छोटं मॉडेल) आला तो पण त्याच भावात. अमेरिकेत सुद्धा २०२५ मध्ये सोनी अन् मायक्रोसॉफ्ट दोघांनी भाव वाढवले. बाप लोक दहा हजार वाचतेत म्हणून बिनडिस्कचा घ्यायला बघतात, मी हात जोडून सांगतो की घेऊ नका. मोठा नवा गेम ४,९९९ चा, म्हणजे वाचलेले दहा हजार दोन गेममध्ये गेले. डिस्क असली तर गेम संपवून विकता येतो, बदलता येतो, मित्राकडून आणता येतो, अन् पीएस ४ जो आपल्याकडं जानेवारी २०१४ पासून आहे त्याच्या जवळजवळ सगळ्या डिस्का पीएस ५ मध्ये चालतात, म्हणजे बारा वर्षांत मराठवाड्यातल्या घराघरात जमलेला माल तुम्हाला उघडा होतो. बिनडिस्कच्या मशीनला यातलं काहीच नाही, स्टोअर सांगेल तो भाव. इथली कॉलेजची पोरं तर वर्गणी काढून एक डिस्क घेतात अन् ती परभणी, गंगाखेड, पाथरी अशी फिरत राहते. एक ध्यानात ठेवा, फुटबॉलचा जो गेम दरवर्षी नवा येतो त्याची जुनी डिस्क नवीन आली की लगेच पडेल भावात जाते, तो विकायचा तर वेळेवर विका. क्रिकेटच्या डिस्केला मात्र आमच्याकडं कायम गिऱ्हाईक.

स्लिमचा डिस्क ड्राइव्ह सुटा निघतो अन् नंतर पण बसवता येतो, पण पहिल्यांदा जोडताना एकदा इंटरनेट लागतं. पहिल्या मोठ्या मॉडेलचा ड्राइव्ह बिघडला तर सरळ दुसरा आणून बसवता येत नाही, ड्राइव्हच्या आतला बोर्ड त्याच मशीनशी जोडलेला असतो, म्हणून जुना बोर्ड काढून नव्या ड्राइव्हला लावावा लागतो. कुणी तो बोर्ड फेकून दिला असेल तर मग मशीन कायमची बिनडिस्कची झाली समजा. सेकंडहँड घेताना डिस्क टाकून, गेम उघडून, थोडा खेळूनच पैसे द्या, नुसती डिस्क आत ओढली म्हणजे चांगली असं नसतं. २०२४ ला सोनीनं जो पीएस ५ प्रो काढला त्यात तर ड्राइव्ह वेगळाच घ्यावा लागतो, तसा तो तेव्हा भारतात आणलाच नाही, त्याच्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा इथं खुला नव्हता म्हणून.

एक्सबॉक्सवर अन्याय नको. सिरीज एस नोव्हेंबर २०२० ला ३४,९९० ला आला, आकारानं छोटा, गरम कमी होतो, लाईट कमी खातो, अन् गेम पास घेतला की एका वर्गणीत ढीगभर गेम, काही तर आल्या दिवशी. ज्याच्याकडं फायबर आहे अन् ज्याला सतत नवीन काहीतरी चाखायचंय त्याच्यासाठी तेव्हा याला तोड नव्हती, मी स्वतः बऱ्याच जणांना तेच सांगायचो अन् त्या वेळच्या भावात ते बरोबरच होतं. जुने गेम जपायच्या बाबतीत मायक्रोसॉफ्ट सगळ्यात पुढं, थेट २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचे काही गेम आजच्या मशीनवर चालतात, हे मोठं काम आहे. पण ऑक्टोबर २०२५ ला गेम पास अल्टिमेट (त्यातली सगळ्यात वरची वर्गणी) अमेरिकेत महिन्याला वीस डॉलरवरून तीस डॉलरवर गेला, आपल्याकडं पण भाव वाढले, अन् वर्गणी थांबली की हातात काहीच उरत नाही. सिरीज एसमध्ये डिस्कची खाच नाही अन् ५१२ जीबीतले वापरायला ३६४ च मिळतात, जागा वाढवायची तर त्यांचंच खास कार्ड घ्यावं लागतं, पीएस ५ मध्ये मात्र बाजारातली चालणारी एम डॉट टू एसएसडी बसते. अन् आता तर एक्सबॉक्सचे स्वतःचे गेम प्लेस्टेशनवर येऊ लागलेत, गाड्यांचा फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ मध्ये पीएस ५ वर आला, ज्याच्यासाठी पोरं एक्सबॉक्स मागायची. २००६ ला एक्सबॉक्स ३६० भारतात आणला तेव्हा अक्षय कुमार अन् युवराज सिंगला घेऊन जाहिराती केल्या होत्या, तेवढी हौस नंतर दिसली नाही. आमच्याकडं एक्सबॉक्सच्या डिस्का कुणाकडंच नसतात, सिरीज एक्स घेतला तरी अदलाबदल करायची कुणाशी.

एका गोष्टीत मात्र एक्सबॉक्सला पैकीच्या पैकी. सेव्ह केलेला खेळ तो फुकट क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर, ठेवतो. पीएस ५ वर क्लाउड सेव्हला प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागते, अन् पीएस ५ च्या गेमचे सेव्ह पेन ड्राइव्हवर एकेक करून उतरवता येत नाहीत, अख्ख्या मशीनचाच बॅकअप काढावा लागतो. निन्टेंडोला पण वर्गणी लागते. बोर्ड जळालेली मशीन घेऊन लेकरू काउंटरला उभं राहतं, मशीनचं त्याला एवढं काही नसतं, ते विचारतं काका माझा गेम तर जाणार नाही ना. सोनीनं हे फुकट करावं असं मी अगदी मनापासून म्हणतो, दोन-चार एमबीच्या फायली असतात त्या.

स्विचवर तर माझा जीव आहे. मार्च २०१७ ला आला, दीडशे दशलक्षांच्या वर खपला, लाईट गेली तरी चालतो, एसटीत चालतो, ३२ इंची टीव्हीला पुरून उरतो, कार्ट्रिज (गेमचं छोटं कार्ड) विकता-बदलता येतं अन् ते तोंडात घातलं तर कडूजहर लागतं, बारक्या लेकरांनी गिळू नये म्हणून मुद्दाम तसा लेप दिलेला असतो. अन् बघा, आपल्या पुण्याच्या पोरांनी बनवलेला राजी हा गेम, भारतातल्या मंदिरांची, चित्रांची सगळी शोभा त्यात, तो ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी स्विचवर आला, म्हणजे ज्या मशीनवर आला ती मशीन भारतात कंपनी अधिकृत विकतच नव्हती. आजही जे स्विच अन् २०२५ चे स्विच २ इथं मिळतात ते बाहेरून आणलेले. वॉरंटी दुकानदाराच्या तोंडावर. म्हणून माझ्याकडून सगळ्यांना हा घ्या असं म्हणवत नाही. घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी बघा. स्विच २ ची जपानमध्ये एक स्वस्त आवृत्ती आहे, तिच्यात फक्त जपानी भाषा चालते अन् जपानचंच खातं लागतं, ती इथं कुणी गळ्यात मारली तर काही उपयोग नाही. दुसरं, स्विच २ चे काही गेम कार्डावर नसतातच, कार्ड म्हणजे फक्त चावी अन् गेम डाऊनलोड करावा लागतो, डब्यावर तसं लिहिलेलं असतं, वाचून घ्या. अन् मेमरी कार्ड पण मोबाईलचं साधं चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं.

साहेब, तुमचा पेपर नांदेड, लातूर, बीड, हिंगोली सगळीकडं जातो, लोक त्यात छापलेलं खरं मानून दुकानात जातात. पुढच्या वेळी असं पान कराल तेव्हा प्रत्येक मशीनसमोर एवढं तरी छापा की डिस्क चालते का, वर्गणीशिवाय काय काय बंद राहतं, लाईट गेल्यावर काय होतं, किती अंशापर्यंत चालवायला सांगितलंय, अन् अधिकृत दुरुस्ती मराठवाड्यात कुठं होते किंवा होत नाही. शेवटचं तर तुम्हीच कंपन्यांना विचारू शकता, माझ्यासारख्या कारागिराच्या मेलला उत्तर येत नसतं, पेपरच्या प्रश्नाला येईल. जमलं तर दिवाळीच्या आधी छापा, सोयाबीनची पट्टी मोंढ्यातून हातात आली की खरेदी त्याच आठवड्यात होते.

आपला नेहमीचा वाचक,
एक दुरुस्ती कारागीर, परभणी